एका रुळाची आगगाडी

दिल्लीच्या चाणक्यपुरीत, शांतिपथाच्या बाजूला, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. रविवारी तिथे दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, फरिदाबादहून आलेली कुटुंबं लोटतात आणि बहुतेक सगळी एकाच रांगेत जाऊन उभी राहतात. ती रांग टॉय ट्रेनची. गाडी जुन्या इंजिनांच्या मधून एक फेरी मारते, पोरं ओरडतात, आईबाप फोटो काढतात आणि मंडळी उपाहारगृहाकडे वळतात. त्याच आवारात आणखी एक गाडी आहे. ती ठरावीक वेळीच बाहेर निघते, आणि निघते तेव्हा खऱ्या वाफेवर निघते. तिचं इंजिन ठेंगणं, धुराडं उंच, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या. पहिल्यांदा पाहणारा माणूस थोडा वेळ गोंधळतो, कारण तिच्याखाली रूळ एकच आहे. इंजिनाच्या एका बाजूला एक मोठं लोखंडी चाक बाहेर आलेलं असतं आणि ते सरळ रस्त्यावरून फिरत असतं.

आज हिला पाहून कुणालाही वाटेल की हे जत्रेसाठी घडवलेलं काहीतरी गमतीचं यंत्र असावं. तसं नाही. ही एका संस्थानाची सार्वजनिक गाडी होती. पंजाबातल्या पतियाळा संस्थानात ती १९०७ पासून १९२७ पर्यंत धान्य आणि माणसं वाहत होती. धंदा म्हणून ती वीस वर्षांत बुडाली. खेळ म्हणून तिने त्याच्या दुपटीहून अधिक काळ काढला आहे.

या गाडीमागची कल्पना इविंग नावाच्या ब्रिटिश माणसाची. त्याचा हिशोब सरळ होता. लोखंडी रुळावर चाक फार कमी घर्षणाने फिरतं, म्हणून एकच जनावर तिथे रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त ओझं ओढतं. पण दोन रूळ टाकायचे म्हणजे सपाट भराव हवा, दोन्ही रूळ एका पातळीत हवेत, वळणं मोठी हवीत, जमीन विकत घ्यायला हवी. मग एकच रूळ टाकला तर? तोही असलेल्या रस्त्याच्या कडेने? गाडीचं बहुतेक सगळं वजन, शंभरातले पंच्याण्णव भाग तरी, त्या एका रुळावर पडावं आणि गाडी कलंडू नये एवढ्यापुरतं एक चाक बाजूच्या रस्त्यावर टेकावं. लहान मुलाच्या सायकलला मागे आधाराचं चाक लावतात, तसंच. रुळावर चालणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी कडा, म्हणजे ती रूळ सोडणार नाहीत. वळण कितीही आखूड असलं तरी चालेल, कारण आतला आणि बाहेरचा रूळ असा प्रश्नच येत नाही.

भारतात ही पद्धत पतियाळाच्याही आधी एका ठिकाणी वापरली गेली होती. केरळच्या मुन्नार भागात चहाच्या मळ्यांसाठी १९०२ मध्ये कुंडला खोऱ्यात अशीच एका रुळाची लाइन टाकली होती. ती बैल ओढत. सहाच वर्षांत मळेवाल्यांनी ती काढून दोन फुटी लाइन टाकली आणि १९२४ च्या पुरात तीही वाहून गेली. रेल्वे आणि बैल ही जोडी आज चमत्कारिक वाटते, पण त्या काळी नव्हती. बडोद्यात खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम लाइन टाकली तीही बैलांनीच ओढली जाई. देशातली ती पहिली अरुंदमापी रेल्वे. पुढच्या वर्षी इंजिनं मागवली, पण रूळ इतके हलके की त्यांना इंजिनांचा भार पेलवेना. वाफ नियमित सुरू व्हायला १८७३ उजाडलं. तोवर गायकवाडांची रेल्वे बैलांच्या खुरांवरच चालली.

पतियाळात बैलांबरोबर खेचरंही होती, आणि या सगळ्या प्रकरणाचं खरं कारण ती खेचरंच होती असं मला वाटतं. ब्रिटिश सरकारच्या मदतीसाठी संस्थानाला फौजेबरोबर पाचशेहून अधिक खेचरं बाळगावी लागत. युद्ध रोज होत नाही, पण खेचरं रोज खातात. त्यांना शांततेच्या काळात काहीतरी काम द्यावं हा विचार राज्याच्या हिशोबनीसाला सुचण्यासारखाच होता. एका रुळाच्या गाडीने तो प्रश्न सोडवला. लढाई आलीच तर खेचरं सोडून फौजेबरोबर पाठवायची, नसेल तेव्हा ती गाडी ओढतील.

जिथे तिथे या गाडीचं श्रेय महाराजा भूपिंदरसिंग यांना दिलेलं आढळतं. नाव खरं, पण श्रेयाबद्दल थोडं थांबायला हवं. भूपिंदरसिंग जन्मले १८९१ मध्ये. १९०० साली वडील वारले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि राज्यकारभार पालक मंडळाकडे गेला. गाडी सुरू झाली फेब्रुवारी १९०७ मध्ये. तेव्हा महाराजांचं वय पंधरा. कारभार त्यांच्या हाती यायला १९०९ उलटावं लागलं. पंधरा वर्षांच्या मुलाला एका रुळाची रेल्वे आवडली असेल यात शंका नाही, पण ती आखली आणि उभी केली ती राज्याचे इंजिनिअर कर्नल बोल्स यांनी. बोल्स यांनी इविंग पद्धत आधी बंगाल-नागपूर रेल्वेच्या बांधकामावर वापरून पाहिली होती. तिथे जे तात्पुरतं काम चालवायला उपयोगी पडलं, ते त्यांनी पतियाळात कायमच्या वाहतुकीला लावलं. संस्थानांच्या इतिहासात हे नेहमीच होतं. इंजिनिअरचं नाव फायलीत राहतं, महाराजांचं पाटीवर.

याच भूपिंदरसिंगांना मराठी वाचक दुसऱ्या कारणाने ओळखू शकतो. १९११ मध्ये पहिला भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तेव्हा कप्तान होते हेच, एकोणीस वर्षांचे. त्या दौऱ्यात शंभरावर बळी मिळवले ते पुण्याच्या मैदानावर तयार झालेल्या पाळवणकर बाळूंनी. महाराज स्वतः दौऱ्यात फार थोडे सामने खेळले. तिथेही कप्तान महाराजा आणि ओझं ओढणारा दुसराच. पण हे विषयांतर झालं.

पतियाळा स्टेट मोनोरेल ट्रेनवेज असं या लाइनीचं सरकारी नाव. मार्ग दोन. एक सरहिंदपासून मोरिंड्याकडे. सरहिंद हे मुख्य रेल्वेमार्गावरचं स्टेशन, त्यामुळे आतल्या गावांचं धान्य तिथपर्यंत आणून मोठ्या गाडीत भरायचं हा त्याचा उपयोग. दुसरा पतियाळा शहरापासून सुनामच्या दिशेने. दोन्ही मिळून पन्नास मैलांची योजना, म्हणजे ऐंशी किलोमीटर. रूळ रस्त्याच्या कडेला, रस्त्याच्याच पातळीत. बैलगाड्या, उंट, पायी जाणारे आणि ही गाडी, सगळे एकाच वाटेने. मोठ्या रेल्वेला असतात तसली कुंपणं नाहीत, भराव नाहीत, गाजावाजा नाही. आज शहरात मेट्रोच्या एका खांबासाठी रस्ते वर्षानुवर्षं खणलेले पाहिले की या कंजूष योजनेतली हुशारी नीट कळते.

इंजिनं नंतर आली, चार. बनवणारी कंपनी बर्लिनची, ओरेनस्टाइन अँड कॉपेल. १८७६ मध्ये बेन्नो ओरेनस्टाइन आणि आर्थर कॉपेल यांनी काढलेली ही कंपनी मळे, खाणी, कारखाने यांच्या छोट्या लाइनींना लागणारं सगळं पुरवत असे. रूळ, वाघिणी, इंजिनं, सांधे, सारं काही. मालक ज्यू होते. नाझी राजवटीत कंपनी त्यांच्या कुटुंबांच्या हातून काढून घेतली गेली आणि तिचं नावही बदललं गेलं. पण १९०७ मध्ये तिचा धंदा जगभर पसरलेला होता. पतियाळासाठी तिने आपल्या नेहमीच्या इंजिनातच फेरफार केला. चाकं तीन, एका ओळीत, तिन्हींना दोन्हीकडून कडा. बाजूला तोल सांभाळणारं मोठं चाक. इंजिनांची चाकं मोजायची जी पद्धत आहे तिच्यात मधला आकडा नेहमी सम येतो, कारण चाकं जोडीने असतात. हिचा येतो तीन.

इथे मराठी माणसाने कान टवकारायला हवेत. कारण त्याच वर्षी, त्याच कंपनीची चार इंजिनं सह्याद्रीत चढत होती. नेरळ-माथेरान लाइन २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सोळा लाख रुपये खर्चून ती बांधली. घाटातली वळणं इतकी आखूड की साधं सहा चाकी इंजिन तिथे अडकून बसलं असतं. तेव्हा पुढच्या आणि मागच्या आसाला बाजूला सरकण्याची सोय असलेली क्लीन-लिंडनर पद्धतीची इंजिनं बनवून घेतली गेली. बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला त्यामागे होता. म्हणजे आखूड वळणाचा एकच प्रश्न एका कंपनीपुढे दोन ठिकाणांहून आला. पंजाबच्या सपाटीवर उत्तर मिळालं एक रूळ काढून टाकण्याचं, आणि माथेरानच्या डोंगरात आस हलता ठेवण्याचं. माथेरानचं उत्तर टिकलं. ती लाइन अजून आहे, डिझेलवर का होईना. पतियाळाचं नाही टिकलं.

का, ते समजायला फार खोल जावं लागत नाही. या गाडीचं एक चाक रस्त्यावर होतं. रस्ता कच्चा आणि बैलगाड्यांचा होता तोवर तिचा टिकाव लागत होता. पहिल्या महायुद्धानंतर रस्ते सुधारले आणि मोटारी, लॉऱ्या आल्या. लॉरीला रूळच लागत नाही. जी सवलत एका रुळाने दोन रुळांवर मिळवली होती तीच शून्य रुळाने एका रुळावर मिळवली. शिवाय बहुतेक वाहतूक शेवटपर्यंत जनावरांवरच चालली. इंजिनं चारच, आणि तीही रोज सगळ्या मार्गावर धावत होती असं नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये लाइन बंद झाली. त्याच दशकात सरहिंदहून रोपडकडे दोन रुळांची नेहमीची रेल्वेही आली. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलिबुनियन अशी एक वेगळ्या धर्तीची एकरुळी वाफेची गाडी १८८८ पासून होती. तीही १९२४ मध्ये बंद पडली होती. एका रुळाच्या वाफेच्या गाड्यांचं युग म्हणावं तर ते इथेच संपलं.

बंद पडलेली यंत्रं सहसा भंगारात जातात. पतियाळाची गेली नाहीत, याचं श्रेय कुणाच्या इतिहासप्रेमाला नाही, सरकारी कारभाराच्या संथपणाला आहे. संस्थानाच्या बांधकाम खात्याच्या आवारात ती तशीच उभी राहिली. संस्थान गेलं, देश स्वतंत्र झाला, खातं नव्या राज्याकडे आलं, आणि इंजिनं गवतात उभीच. ती मोडीत काढायला कुणीतरी सही करायला हवी होती, ती कुणी केली नाही. पस्तीस वर्षं. आपल्याकडच्या दिरंगाईला शिव्या घालताना ही एक गोष्ट तिच्या खाती जमा करावी.

१९६२ मध्ये माइक सॅटो नावाचा इंग्रज माणूस तिथे पोचला. सॅटो एका मोठ्या रसायन कंपनीच्या भारतातल्या कारभारात होते आणि फावल्या वेळात जुनी इंजिनं शोधत हिंडत. त्या काळात भारतात वाफेचं इंजिन जुनं म्हणावं अशी स्थितीच नव्हती. चित्तरंजनच्या कारखान्यात नवी इंजिनं अजून बनत होती. शेवटचं ब्रॉडगेज इंजिन तिथून १९७० मध्ये बाहेर पडलं, मीटरगेजचं १९७२ मध्ये. ज्या देशात रोज हजारो धुराडी पेटतात तिथे शंभर वर्षांच्या धुराड्याची काळजी करणारा माणूस खुळाच ठरणार. सॅटोंनी साखर कारखाने, बंद पडलेल्या संस्थानी लाइनी, कारखान्यांचे कोपरे धुंडाळून काय कुठे आहे याची नोंद केली. ही इंजिनं जपायला हवीत हे रेल्वे मंडळाला पटलं. ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते दिल्लीत संग्रहालयाची पायाभरणी झाली, सॅटो मानद सल्लागार झाले, आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांना खुलं झालं.

सॅटोंचा एक आग्रह होता, आणि तो मला त्यांच्या शोधापेक्षाही मोलाचा वाटतो. इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवण्यात त्यांना फारसा रस नव्हता. ते चाललं पाहिजे. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्यांनी हेच केलं. १९७५ मध्ये स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी पहिल्या 'लोकोमोशन' इंजिनाची चालती प्रतिकृती बांधली, आणि नंतर 'रॉकेट'चीही. पतियाळाच्या चार इंजिनांपैकी एक उत्तर रेल्वेच्या अमृतसर कारखान्यात गेलं. तिथल्या कारागिरांनी ते खोललं, झिजलेले भाग नव्याने घडवले आणि पुन्हा वाफेवर आणलं. एका जुन्या चौकटीवर मुख्य इंजिनिअरचा तपासणीचा डबा पुन्हा उभारला. दुसरं एक इंजिन अमृतसरलाच ठेवलं गेलं. दिल्लीतलं चालतं. त्या पद्धतीचं वाफेवर चालणारं इंजिन जगात दुसरीकडे नाही.

चालतं म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं, कारण डिझेलच्या किल्लीवर वाढलेल्या पिढीला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. वाफेचं इंजिन सुरू करता येत नाही, ते पेटवावं लागतं. बॉयलरमध्ये पाणी भरायचं, भट्टीत आधी लाकूड, मग कोळसा. आग घाईने वाढवली तर बॉयलरच्या पत्र्यांना आणि नळ्यांना ताण येतो, म्हणून ती हळूहळू वाढवायची. काटा चढायला काही तास जातात. तोवर फायरमन सांध्यांना तेल देतो, राख काढतो, काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहतो. ती पातळी खाली गेली आणि लक्षात आलं नाही तर बॉयलर फुटू शकतो. दाब पुरेसा झाला की ड्रायव्हर रेग्युलेटर हलकेच उघडतो, दट्ट्या सरकतो आणि बागेतून एक फेरी होते. काही मिनिटांची. त्या काही मिनिटांसाठी अर्धा दिवस राबणारी माणसं लागतात, आणि ही विद्या पुस्तकात बघून येत नाही. जो कुणी फायरमन म्हणून फावडं हाती धरून शिकला त्याच्याकडूनच दुसरा शिकतो. इंजिन दोन वर्षं उभं राहिलं तर नुसतं लोखंड गंजत नाही, शिकवणारा माणूसही निवृत्त होतो.

दिल्लीच्या परिसरात हीच परीक्षा आणखी एका इंजिनाने दिली आहे, आणि त्याची कीर्ती पतियाळाच्या गाडीपेक्षा कितीतरी मोठी. 'फेअरी क्वीन'. इंग्लंडातल्या लीड्स गावी किट्सन, थॉम्पसन अँड ह्यूइट्सन कंपनीने १८५५ मध्ये ते बनवलं. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी धावून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेचं, क्रमांक २२, काम हावडा ते राणीगंज हलक्या डाकगाड्या ओढण्याचं. १८५७ च्या उठावात त्याने इंग्रज फौजा वाहिल्या, हेही सांगून टाकायला हवं. संग्रहालयातल्या चकचकीत रंगाखाली ते दिसत नाही. 'फेअरी क्वीन' हे नाव त्याला १८९५ मध्ये मिळालं, तोवर चाळीस वर्षं ते नुसतं बावीस नंबर होतं. १९०९ मध्ये ते निवृत्त झालं, चौतीस वर्षं हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं राहिलं, १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं आणि शेवटी दिल्लीच्या संग्रहालयात आलं.

मग १९९६ मध्ये मद्रासमधल्या पेरांबूर कारखान्यात त्याला पुन्हा जिवंत करण्यात आलं. १९९७ मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतर, ते मुख्य मार्गावर धावलं. दिल्ली कँटोन्मेंट ते अलवर, साठ प्रवाशांचा एक डबा, वेग तासाला चाळीस किलोमीटरच्या आत, पुढे सरिस्काच्या जंगलात मुक्काम. १९९८ मध्ये नियमित सेवेत असलेलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. परदेशी पर्यटक महिनोन्महिने आधी जागा राखून येत. हा सगळा प्रकार म्हणजे रुळांवरचा एक मोठा थीम पार्कच होता. हिवाळ्यात आठवड्याच्या शेवटी निघणारी, तिकीट काढून बसायची, पोचण्यापेक्षा बसण्यासाठीच असलेली गाडी. पण त्यामुळे इंजिन चालतं राहिलं.

ते थांबल्यावर काय झालं तेही बघा. २०११ मध्ये शेडमध्ये उभ्या असलेल्या या इंजिनाचे सुटे भाग चोरांनी काढून नेले. तांब्या-पितळेचे भाव वाढलेले होते, आणि चोराला गिनीज बुकाशी कर्तव्य नसतं. इंजिन परत पेरांबूरला गेलं, भाग नव्याने घडवले गेले, २०१२ च्या अखेरीस चाचणी झाली आणि प्रवासी घेऊन ते पुन्हा निघालं २०१७ च्या फेब्रुवारीत, या वेळी दिल्ली कँटोन्मेंट ते रेवाडी.

रेवाडी हे हरियाणातलं, पण आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोजलं जाणारं गाव. देशातली पहिली मीटरगेज लाइन १८७३ मध्ये दिल्लीहून इथेच आली. फर्रुखनगरचं मीठ वाहून नेणं हे त्यामागचं एक कारण. १८९३ मध्ये इथे शेड उभी राहिली. मीटरगेजचं हे एवढं मोठं जंक्शन होतं की सगळ्या बाजूंनी गाड्या येत, आणि गावाच्या हवेत कोळशाचा वास मुरलेला असे. ब्रॉडगेज आणि डिझेल आलं तशी शेड ओस पडली. देशात ब्रॉडगेजवर शेवटची नेहमीची वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर ते फिरोजपूर धावली. त्यानंतर रेवाडीची शेड पाडली जाणार असंच सगळे धरून चालले होते. ती दुरुस्त झाली आणि २०१० मध्ये वारसा संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. इथे इंजिनं नुसती उभी करून ठेवलेली नाहीत. भट्टी पेटते, बॉयलर तपासला जातो, कारागीर हातोडी चालवतात. 'अकबर' नावाचं १९६५ चं डब्ल्यूपी वर्गातलं इंजिन इथलंच. 'आझाद' त्याहून जुनं, अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून १९४७ मध्ये आलेलं, त्या वर्गातलं पहिलं. पुढे गोळीच्या आकाराचं नाक आणि त्यावर तारा, अशी डब्ल्यूपी इंजिनं पन्नाशी-साठीच्या दशकात मेल गाड्यांना असत. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांना वर्णनाची गरज नाही.

रेवाडीच्या शेडला तगवलं ते मात्र इतिहासकारांनी नाही, हिंदी सिनेमाने. फाळणीची गाडी हवी, स्वातंत्र्यलढ्यातली गाडी हवी, धावत्या डब्यावरची मारामारी हवी की निर्माते रेवाडीला येतात. 'गदर'मधलं इंजिन इथलं, 'रंग दे बसंती'चं चित्रीकरण इथलं. भाडं मिळतं, आणि मुख्य म्हणजे इंजिन पेटवण्याचं निमित्त मिळतं. आपल्याकडे वारसा हा शब्द उच्चारला की माणसं गंभीर होतात, हार घालतात, फीत कापतात आणि कुलूप लावून निघून जातात. पतियाळाच्या आणि लीड्सच्या इंजिनांना जगवलं ते तिकिटाच्या खिडकीने. हा गंभीर लोकांना आवडणारा निष्कर्ष नाही.

खेळ आणि रेल्वे यांचं नातं तसं जुनंच आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांब टेबलावरून चांदीची छोटी आगगाडी फिरायची आणि पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेऊन थांबायची. ग्वाल्हेर लाइट रेल्वेही तिथल्या महाराजा माधवराव शिंद्यांच्या हौसेतून सुरू झाली आणि पुढे शिवपुरी, भिंड, श्योपूरपर्यंत गेली. सामान्य लोकांना हा आनंद मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी धावते, आणि पुण्यात वाढलेल्या तीन पिढ्यांनी आगगाडीत पाऊल ठेवलं ते तिच्यातच. दिल्लीत प्रगती मैदानावर १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झालं, तेव्हा पाळणे आणि झुले पाहायला अख्खी दिल्ली लोटली. २००८ मध्ये ते बंद झालं आणि आज तिथे त्याचा मागमूसही नाही. थीम पार्कचं आयुष्य असंच असतं. जमीन महाग होते आणि पाळणे भंगारात जातात. चाणक्यपुरीतली जमीन त्याहून महाग आहे. तिथे अजून कोळसा पेटतो याचं नवल वाटायला हवं.

चाणक्यपुरीच्या त्या आवारात मराठी माणसाने शोधावं असं बरंच काही आहे. बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा खासा डबा आहे. पुण्या-मुंबईच्या घाटांत मालगाड्या ओढणारं जीआयपी रेल्वेचं जुनं विजेचं इंजिन आहे, ज्याला आपले रेल्वेवाले 'खेकडा' म्हणत. आणि माथेरानचं ७३८ क्रमांकाचं वाफेचं इंजिन आहे. एकाच कंपनीची, एकाच वेळी या देशात आलेली दोन इंजिनं एकाच आवारात आहेत. पंजाबचं पेटतं. सह्याद्रीचं थंड आहे.

७३८ ला पुन्हा पेटवणं अशक्य नाही. पतियाळाचं इंजिन गवतातून उचलून अमृतसरच्या कामगारांनी चालतं केलं, फेअरी क्वीनचे चोरीला गेलेले भाग पेरांबूरला नव्याने घडवले गेले. मग दिल्लीच्या बागेत दोन फुटी रुळाचा एक तुकडा टाकून माथेरानची गाडी फिरवायला, किंवा ती सरळ नेरळला परत आणायला, नेमकं काय आड येतं? हा प्रश्न रेल्वेला विचारायला महाराष्ट्रातल्या खासदारांना आणि रेल्वेप्रेमींना कुणाची परवानगी लागत नाही.

तोवर, दिल्लीला गेलात तर सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. टॉय ट्रेनच्या रांगेत उभं राहण्याआधी खिडकीवर विचारा, मोनोरेल आज वाफेवर निघणार आहे का. निघणार असेल तर तिकीट तिचं काढा.